प्रासिओडिमियमची टिकली

विश्वनाथ,

काल तुझी शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत होतो आणि बहुतेक वेळ खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर हरभरा काढून मोकळी झालेली रानं होती, त्यांवर दुपारचं पांढरं ऊन साचलं होतं. लांब माळावरच्या पवनचक्क्या इतक्या सावकाश फिरत होत्या की त्यांना वाऱ्याची काही गरज असेल असं वाटत नव्हतं. आत भाषणं चालू होती. 'जागतिक कीर्तीचे' हे शब्द आले की तू शेजारी बसून मला कोपरानं ढोसशील असं वाटायचं. प्रत्येक वेळी मी जरासा सरकून जागा करत होतो.

फाटकावरच्या फ्लेक्सवर तुझा फोटो कुठल्यातरी लग्नातला आहे. फेटा कापून काढल्यामुळे कपाळ अवास्तव उंच झालंय. मागे एक अग्निबाण उडतोय. तो अंतराळात जाणारा आहे, पण फ्लेक्सवाल्यानं त्याला जो धूर काढलाय तो थेट तुमच्या तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यातला. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं खाली बारीक अक्षरांत दिलेलं आहे, म्हणून इथं देत नाही. मला बोलायचंय ते त्या टिकलीबद्दल. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि तू गेल्यावर त्यात काय काय झालं ते तुला कळायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो 'अरेरे' म्हणेल. तू आक्षेप घेशील.

मी तुळजापूरचा, देवळाजवळच्या गल्लीत वाढलेला, रसायनशास्त्र शिकवणारा. तू तेरखेड्याच्या शोभेची दारू करणाऱ्या घरातला, पदार्थविज्ञान शिकवणारा. तेरखेड्याजवळच्या वाशीच्या कॉलेजात आपल्याला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. पहिल्याच आठवड्यात तू म्हणाला होतास, "दोघांचं बी बालपण धुरात गेलं. तुमच्या धुरानं देवी प्रसन्न, आमच्या धुरानं पोरं. आमचं गिऱ्हाईक निदान टाळ्या तरी वाजवतं."

विद्यापीठातून पीएच.डी. करून लोक पदवी घेऊन येतात. तू सोबत तुझ्या गाईडनं दिलेल्या पुडींच्या बाटल्याही आणल्यास आणि कॉलेजातल्या धूळ खात पडलेल्या भट्टीचं तोंड साफ करायला बसलास. इट्रियमची पांढरी पूड, बेरियमची पांढरी, तांब्याची काळी. मिसळायच्या, दाबून टिकली करायची, भट्टीत भाजायची, मग ऑक्सिजनच्या झोतात हळूहळू गार करायची. नीट जमलं तर कोळशासारखी काळी टिकली निघते. द्रव नायट्रोजन ओतून ती गार केली की तिच्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. वर ठेवलेलं छोटं चुंबक अधांतरी उभं राहतं. अतिसंवाहक हे तिचं पुस्तकी नाव. तू तिला टिकलीच म्हणायचास.

तुझे वडील एकदा भट्टी बघायला आले होते, आठवतं? दादांनी बाटल्यांवरची नावं तुझ्याकडून वाचून घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. बेरियम म्हणजे हिरवा उजेड, तांबं म्हणजे निळा. सगळं त्यांच्या ओळखीचं. मग तू टिकली बाहेर काढलीस.

"बेरियम घातलं, तांबं घातलं, इतका जाळ केला," दादा म्हणाले, "अन् आवाज न्हाय, उजेड न्हाय? मग मिळवलं काय?"

"दादा, हिच्यात विजेला विरोधच राहत न्हाय."

"विजेला आपल्या गावात कुणाचाच विरोध न्हाय लेका. तीच येत न्हाय."

मी हसत बाहेर गेलो. तू मात्र गंभीरपणे त्यांना चुंबक तरंगवून दाखवलंस. दादा ते बघत राहिले, मग चुंबक आणि टिकली यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून हलकेच बोट फिरवलं. धाग्यानं बांधलंय का ते बघत होते. काही लागलं नाही तेव्हा त्यांनी ते बोट धोतराला पुसलं.

तुझं सगळं लक्ष त्या इट्रियमच्या जागेवर होतं. पोरांना तू सांगायचास, "इट्रियमच्या खुर्चीत त्याच्या भावकीतलं कुणीही बसवा." विरल मृदा म्हणतात त्या मूलद्रव्यांची ही भावकी. "निओडिमियम बसवा, गॅडोलिनियम बसवा. गॅडोलिनियम तर स्वतःच चुंबकी, भांडखोर गडी. तरी घर चालतं. एकटा प्रासिओडिमियम बसला की संपलं. घर तेच, भिंती त्याच, खुर्ची तीच, आणि वाहणारी वीज थांबते." मागच्या बाकावरून कुणीतरी "का, सर?" विचारायचं. तू खूश होऊन खडू खाली ठेवायचास. "त्यावर लई मोठी माणसं भांडली. तू बी ये."

खुर्ची वाटून द्यायची, म्हणजे थोडं इट्रियम काढून त्या जागी थोडं प्रासिओडिमियम घालायचं, याला ग्रंथांत भारदस्त नाव आहे. मी त्याला सुशिक्षित भेसळ म्हणायचो. प्रासिओडिमियम वाढवत नेलं तर निम्म्याच्या आसपास अतिसंवाहकता मरते, हे सगळीकडे छापलेलं. तुला ते मरण जवळून बघायचं होतं. आणि इथं तुझा हात आडवा आला.

तुझा हात तेरखेड्याचा होता. लहानपणी दादांनी शिकवलेलं, "रगडायचं न्हाय. घोळायचं. रगडली की चिडती ती." म्हणजे दारू. एकेक पूड वेगळी बारीक करायची, मग सगळ्या कागदावर घेऊन कागदाची टोकं आळीपाळीनं उचलत हलक्या हातानं एकमेकांत घोळवायच्या. तिथं जो जोरात खलतो त्याची बोटं जातात. आपल्या कामात उलटं: सगळ्या पुडी एकत्र घालून खलात मनगट दुखेपर्यंत रगडाव्या लागतात, नाहीतर इट्रियमचे गठ्ठे इट्रियमपाशी राहतात आणि प्रासिओडिमियमचे त्याच्यापाशी. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तू खल हातात घ्यायचास, बत्ता फिरवायचास, आणि थोड्या वेळानं तुझा हात आपोआप हलका व्हायचा. मी दारातून बघायचो. पांढऱ्या-काळ्या पुडी कागदावर लाटेसारख्या उलटत असायच्या आणि तुझे डोळे अर्धे मिटलेले. त्या वेळी तुला हाक मारू नये असं वाटायचं.

नायट्रोजन लिंबराजचा. गावोगाव मोटारसायकलवर फिरून गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करणारा आपला लिंबराज. त्याच्या रेताच्या कांड्या ज्या जारमधल्या नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या असतात, त्यातलाच लोटाभर तो आपल्याला द्यायचा. "सर, जार लवकर आटला तर म्हशीच्या मालकाला काय सांगू? प्रोफेसर प्याले म्हणून?" उरलेला नायट्रोजन तू फरशीवर ओतायचास. त्याचे थेंब स्वतःच्याच वाफेवर बसून कपाटांखाली पळायचे, मागे धुक्याच्या शेपट्या सोडत. आपण दोघं नोकरदार माणसं गुडघ्यांवर बसून ते थेंब कुठं जातात ते बघायचो. त्या दुपारी मला तुझ्यामुळे मिळाल्या. मी एरवी पुस्तकात नाक घालून बसणारा माणूस. जमिनीवर बसून काही बघावं हे मला तुझ्याआधी कुणी सुचवलं नव्हतं.

मग सुट्टीतली ती दुपार. मी तुळजापूरला होतो. तुझा फोन आला.

"संशयात्मा, उठलं."

"कोण उठलं?"

"चुंबक. एका कडेवर. निम्म्याहून जास्त प्रासिओडिमियम आहे खाली, अन् उठलं!"

"मिसळलंस कसं?"

"तुला जरा आनंद व्हायला काय होतं रे?"

"होतो की. आधी ती फोड, पुन्हा रगड, पुन्हा भाज. तरीही उठलं तर पेढे मी वाटतो."

"रगडली तर संपली. प्रासिओडिमियमची बाटली रिकामी झाली. ही एकच आहे."

माझं म्हणणं सरळ होतं. तुझ्या घोळवण्यामुळे टिकलीत इट्रियमचे गठ्ठे राहिले, ते आपापले तरंगवतायत आणि श्रेय प्रासिओडिमियमला मिळतंय. तुझं म्हणणं, हलक्या मिसळणीमुळेच काहीतरी नवं जमलं असेल, आणि रगडून तपासणं म्हणजे पाखरू उडतं का हे त्याला कापून बघणं. मग अटी आल्या. तू म्हणालास, दाखवतो, पण रगड म्हणायचं नाही. मी म्हणालो, बघतो, पण नंतर रगडायची. तू टिकली हिंगाच्या रिकाम्या डबीत तांदळाच्या दाण्यांत घालून घरी नेलीस. त्यानंतर आपण रोज एकत्र चहा प्यायलो, पोरांच्या परीक्षा घेतल्या, एकमेकांच्या घरच्या लग्नांत जेवलो, आणि दोघांपैकी एकानंही अट सोडली नाही. चहा ओतताना तू अचानक म्हणायचास, "एका कडेवर." मी म्हणायचो, "गठ्ठे." इतकंच. लोकांना वाटायचं हवापाण्याचं बोलतायत.

आजारपणात तू हे मोठ्यानं बोलायला लागलास. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि तू भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगत होतास की काळ्या दगडावर लोखंड उठलं, मी बघितलं. पाहुणे एकमेकांकडे बघायचे. कुणीतरी बाहेर येऊन म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. वहिनींनी ते ऐकलं.

तू गेल्यानंतर संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचं, आणि तुझ्या कार्याचा मजकूर मी लिहायचा.

"'शोध लावला' लिहायचं की 'महान शोध लावला'?" अध्यक्ष.

"'शोधत होते' असं लिहू."

"मग तो काय शोध झाला, सर? लोक म्हणतील सापडलंच न्हाय."

मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगून बाहेर आलो, तर आवारात वहिनी उभ्या. हातात हिंगाची डबी.

"भाऊजी, तुम्ही खोटं बोलणार न्हाय म्हणून तुमच्याकडं आले. त्यांचं नाव कुठंही द्या, न्हायतर नका देऊ. मला एवढंच सांगा, ते तरंगलं होतं का? का त्या माणसाला भास होत होते?"

मी अटींचं सगळं सांगितलं. रगडल्याशिवाय तुझं म्हणणं खरं की माझं हे कळणार नाही, आणि रगडली तर टिकली राहणार नाही. वहिनी डबी उघडून बघत राहिल्या. "तांदूळ मीच बदलायचे," म्हणाल्या. "दर पावसाळ्यात. ओल लागू द्यायची न्हाय म्हणून." मग त्यांनी टिकली दोन्ही हातांच्या बोटांत धरली आणि कडकन दोन तुकडे केले. इतकी वर्षं आपल्या दोघांच्या सगळ्या वाचनातून हे निघालं नव्हतं.

"एक तरंगवून दाखवा. एक रगडा."

लिंबराज जार घेऊन आला. दुपारची वेळ, खोलीच्या खिडक्या बंद, तुझा खडू अजून फळ्याच्या कडेला. स्टीलच्या वाटीत अर्धी टिकली ठेवली, नायट्रोजन ओतला. आधी तो खवळला, वाफ टेबलावरून उतरून आमच्या पायांवर आली, वहिनींच्या साडीची किनार दिसेनाशी झाली. मग सगळं निवलं. मी चिमट्यानं चुंबक ठेवलं. काही झालं नाही. मी ते जरासं ढकललं. आणि विश्वनाथ, त्याची एक कड उठली. पुरतं उठलं नाही. झोपेतल्या माणसानं कूस बदलताना खांदा उचलावा तसं उठलं आणि तसंच थांबलं. खाली केसभर धुकं वाहत होतं. मला वाटलं, आपण तिघं नाही, चौघं उभे आहोत, आणि चौथा श्वास रोखून आहे.

"आयला," लिंबराज म्हणाला. "माफ करा वहिनी. पण उठलं की हे."

वहिनी खाली वाकल्या, चुंबकाच्या पातळीला डोळे नेले. "बगितलं होतं त्यांनी," एवढंच म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. नायट्रोजन आटेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

दुसरा तुकडा मी रगडला. तुझ्याच खलात, जेवणापासून उन्हं कलेपर्यंत. दाबून पुन्हा टिकली केली, शेंगदाण्याएवढी. भाजून घेतली. ऑक्सिजनसाठी कॉलेजचं सिलिंडर कधीचंच रिकामं होतं. तेव्हा वहिनी म्हणाल्या, घरात यांचं पडलंय, अजून परत न्यायला कुणी आलं नाही. तुझ्या खाटेजवळचं ते सिलिंडर लिंबराजनं मोटारसायकलवर आडवं बांधून आणलं. मी नळी भट्टीला जोडली, मंद झोत सोडला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी टिकली काढली, काळी निघाली, गार केली, चुंबक ठेवलं. ढकललं. पुन्हा ढकललं. चुंबक तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं पडून राहिलं.

मी जिंकलो होतो. मला आनंदही झाला, तुला खोटं कशाला सांगू. रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हणालो, "गठ्ठे." आणि तू म्हणालास, अगदी तुझ्या आवाजात, चहा ओतता ओतता म्हणावं तसं: "काटा बघितलास का?"

मी सिलिंडरजवळ गेलो. काटा शून्यावर होता. कधी संपलं कुणास ठाऊक. टिकली गार होत असताना ऑक्सिजन तिच्यात शिरला नाही, तर प्रासिओडिमियम नसलेली निव्वळ इट्रियमचीसुद्धा तरंगत नाही. हे तू पहिल्या तासाला शिकवायचास. सोबत एक साधी इट्रियमची टिकली ठेवली असती तर लगेच कळलं असतं. तीही मी ठेवली नव्हती. वहिनींना फोन करून विचारलं, सिलिंडर भरलेलं होतं का? त्या म्हणाल्या, "भरलेलं कुठलं, भाऊजी? शेवटचे दिवस त्यांना लावलेलंच होतं की ते."

म्हणजे टिकलीच्या वाटणीचा ऑक्सिजन तू आधीच घेतला होतास. मी स्टुलावर बसलो. भट्टी निवत होती, पत्रा टकटक वाजत होता. आयुष्यभर मी तुझ्यावर संशय घेतला तो तू समोर होतास म्हणून. तू उलट उत्तर द्यायचास, मग मी पुढचा मुद्दा काढायचो, आणि असं करत आपण दोघंही थोडे शहाणे होत होतो. आता तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही. ते काम माझ्याकडे आलं, आणि मला ते नीट जमत नाही.

काल सभेत मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो की विश्वनाथनं एक गोष्ट पाहिली होती. ती खरी होती. मी, लिंबराजनं आणि वहिनींनी ती डोळ्यांनी पाहिली. तिचा अर्थ काय हे अजून कळलेलं नाही. त्याचं नाव द्यायचं असेल तर प्रयोगशाळेला द्या आणि सोबत ऑक्सिजनचं सिलिंडर द्या. मागच्या रांगांत टाळ्या पडल्या, मग शोकसभा आहे हे लक्षात येऊन थांबल्या. अध्यक्षांनी आभार मानताना 'महान शोध' म्हटलंच. पण वहिनी समोर ताठ बसल्या होत्या. तुला भास होत होते असं आता त्यांच्यासमोर कुणी म्हणणार नाही.

सोमवारी सिलिंडर येतंय, भरलेलं. तीच शेंगदाण्याएवढी टिकली पुन्हा भट्टीत घालीन, या वेळी शेजारी साधी इट्रियमची ठेवून, आणि काट्यावर नजर ठेवून तिथंच बसेन. चुंबक उठलं तर मी तुझ्यावर आक्षेप घेईन, सवयच आहे. पडून राहिलं तर तुझ्या बाजूचा पुढचा आक्षेप मला शोधावा लागेल. तो असणार हे मला ठाऊक आहे. तुला तो लगेच सुचला असता. मला वेळ लागेल, तेवढं थांब.